पहाऱ्यावरचा सूर

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, म्हणजे १६८ तास, ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. पहारा बदलतो, माणूस बदलतो, सूर चालू राहतो. मध्यरात्री मंदिरात चार म्हातारे आणि एक वीणेकरी उरला तरी सूर थांबत नाही.

अंबाजोगाई तालुक्यातल्या माझ्या आजोळी सप्ताहाच्या शेवटचं, काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या, मंडप सुटला. त्या रात्री मामांच्या ओसरीवर मी लॅपटॉप आणि छोटा कीबोर्ड मांडून बसलो. मामा तरुणपणापासून कीर्तनात पेटीची साथ करतात. मी सिंथेसायझरवर आवाज बांधतो, त्यातही मुख्यतः पॅड. सगळ्या संगीताच्या मागे पसरलेला, हळूहळू उगवणारा, लांबवर टिकणारा आणि हळूहळू मावळणारा जो सूर असतो, ज्याच्या आधाराने बाकीचं संगीत उभं राहतं, त्याला इलेक्ट्रॉनिक संगीतात पॅड म्हणतात. रचनेला हवा, अंतर, वेळ-काळ मिळतो तो बहुतेक पॅडमुळे.

मामांच्या मते हा सूर मेलेला आहे. माझ्या मते तो जिवंत करता येतो. त्या रात्रीचं बोलणं इथे मांडतो, कारण ते आमच्या दोघांपुरतं नाही. बीड जिल्ह्यात ज्या पोरापोरींच्या हातात आज कीबोर्ड किंवा मोबाइल आहे, त्या सगळ्यांपुढे हाच प्रश्न आहे.

मामा : हं, लाव काय ते. दिवसभर म्हणायलास, ऐका ऐका.

मी एक पट्टी दाबून धरली. सूर उगवला आणि ओसरीभर पसरला. मामांनी डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात उघडले.

मामा : गोड आहे. पण माझं लक्ष उडालं. पहिल्या पाच सेकंदांत जे ऐकलं, तेच पुढे चाललंय. आपल्या वीणेकऱ्याचा हात बघ. पहाटे चारला बोटं गारठतात, छेड हलकी पडते. मग दुसरा येतो, वीणा गळ्यात घेतो, त्याचा हात वेगळा. सूर एकच, पण त्यात माणूस कळतो. तुझा सूर थकत नाही. जो थकतच नाही, त्याला पहारा कशाला लागतो?

मी : हा मुद्दाम लावला होता. हा कंपनीनं भरून दिलेला आवाज आहे, त्याला प्रीसेट म्हणतात. जगात हजारो लोक हाच वाजवतात. आता मी बांधलेला ऐका. पण आधी तो कसा बांधतात ते सांगतो, म्हणजे कुठे बोट ठेवायचं ते तुम्हाला कळेल.

मामा : सांग.

मी : सुरुवात ऑसिलेटरने होते. तो एकच लहर अखंड काढत राहतो. मी करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतो, कारण तिच्यात मूळ सुराचे सगळे अंश असतात, दुप्पट, तिप्पट, चौपट, असे वरपर्यंत. ती नुसती ऐकली तर कानाला टोचते. म्हणून पुढे फिल्टर. तो वरचे तीक्ष्ण अंश अडवतो आणि खालचे सोडतो. मग एनव्हलप, म्हणजे आवाजानं यायचं कसं आणि जायचं कसं. ढोलकीची थाप एका क्षणात येते. पॅडला मी उगवायला दोन-तीन सेकंद देतो आणि पट्टी सोडल्यावर विरायला चार-पाच.

मामा : म्हणजे भाता हळू भरायचा आणि हळू सोडायचा.

मी : तेच. आता डोल. एक ऑसिलेटर २२० हर्ट्झवर लावला आणि दुसरा त्याच्यापेक्षा फक्त आठ सेंट चढा ठेवला. शंभर सेंटचा एक अर्धस्वर, त्यातले आठ. दोघांत फरक पडतो साधारण एका हर्ट्झचा. मग दर सेकंदाला एकदा सूर फुगतो आणि ओसरतो. फरक वाढवला की थरथर वाढते, अगदी काढून टाकला की आवाज सपाट होतो.

मामा उठले, पेटी घेऊन आले. वरची फळी काढली आणि रीडच्या दोन रांगा दाखवल्या. एक पट्टी दाबून त्यांनी आधी एका रांगेचा सूर ऐकवला, मग दोन्ही उघडल्या. एक सूर होता तिथे डुलणारा सूर आला.

मामा : चांगला पेटीवाला दोन्ही रांगा अगदी एकाला एक लावत नाही. केसाएवढं अंतर ठेवतो. त्याच्याकडे तुझे सेंट मोजायचं यंत्र नव्हतं, कान होता. तू नवं काही केलेलं नाहीस.

मी : नवं केल्याचा दावाच नाही. पुढचं ऐका. फिल्टर एका जागी बसवून ठेवला तर सूर गोठतो. म्हणून त्याला हळूहळू उघडणारी-मिटणारी एक संथ लहर जोडतात. तिला एलएफओ म्हणतात. ती स्वतः ऐकू येत नाही, दुसऱ्याला हलवते. मी दोन लावतो. एक ११ सेकंदांत फेरा पुरा करते, दुसरी १७ सेकंदांत. एक आवाजाचा उजेड हलवते, दुसरी डावी-उजवी जागा. दोन्ही पुन्हा एकाच जागी भेटायला १८७ सेकंद लागतात, तीन मिनिटांहून जास्त. तोवर कानाला तोच क्षण परत भेटत नाही.

मामा : पण १८७ सेकंदांनी भेटतोच ना? घड्याळ ते घड्याळच. मोठं केलंस एवढंच.

मी : म्हणून फिल्टरचं बटण मी पूर्णपणे यंत्रावर सोडत नाही. रेकॉर्ड करताना ते माझ्या हातात असतं. सहा मिनिटांची रचना असली तर सहा मिनिटं हात त्याच्यावर. कधी उशीर होतो, कधी जास्त फिरतं, ते तसंच ठेवतो.

मामा : मग एवढा वेळ तू पहारा दिलास. हे मला पटलं. पण हे तू केलंस म्हणून झालं, यंत्रानं नाही.

मी : पेटीही आपणहून वाजत नाही, मामा.

ते गप्प झाले. मी मुद्दा पुढे नेला, कारण पेटीच्या बाबतीत इतिहास माझ्या बाजूने आहे.

मी : तुमची पेटीही परकीच. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं हवा भरायची होती. हातभात्याची बैठी पेटी कोलकात्यात घडली. आकाशवाणीनं १९४० साली तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन वाजायचा. नट गात असताना खालून जो भरलेला, लांब सूर चालायचा, तो आजच्या पॅडचा आजोबाच. आणि सिंथेसायझर म्हणाल तर तोही आपल्याकडे काल आलेला नाही. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाईंसारख्या भारतीय संगीतकारांनी तिथे काम केलं. तिथे ध्वनिमुद्रित केलेल्या फिती कितीतरी वर्षं पडून होत्या, २०२३ साली त्यातलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. मुंबईच्या चरणजितसिंग यांनी १९८२ साली दहा राग सिंथेसायझरवर आणि ताल-यंत्रावर बसवले. बंगळूरूत जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. आज कितीतरी गायक रियाजाला तोच लावतात.

मामा : बंदी का घातली होती, ते सांगितलं नाहीस.

मी : पेटीवर मींड निघत नाही. आणि तिचे सूर.

मामा : तिचे सूर. बस. आता तुझा तो सूर परत लाव. सा, गंधार, पंचम तिन्ही एकदम धर. वीस सेकंद सोडू नकोस.

मी पांढरी सहाचा सा धरून तिन्ही पट्ट्या दाबल्या. सूर उगवला. दहाव्या सेकंदाला मामांनी बोट वर केलं.

मामा : गंधार भांडायलाय. चढा आहे.

या ठिकाणी मला थांबावं लागलं, कारण ते अक्षरशः खरं होतं. कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. २२० हर्ट्झचा सा धरला तर शुद्ध गंधार कीबोर्डवर २७७.१८ ला पडतो. साच्या पोटातून निघणारा गंधार पाचास चार या प्रमाणात, म्हणजे २७५ ला आहे. फरक १४ सेंटचा. ऐकायला क्षुल्लक. पण साचा पाचवा अंश ११०० हर्ट्झवर आहे आणि कीबोर्डच्या गंधाराचा चौथा अंश ११०८.७ वर. दोघे एकमेकांना घासतात आणि सेकंदाला जवळजवळ नऊ ठोके पडतात. गाण्यात पट्टी अर्धा सेकंद वाजते आणि निघून जाते, तेव्हा ते लपतं. पॅड वीस सेकंद थांबतो. त्याला लपायला जागा नाही.

मामा : वीणा चांगली लागली की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. कुणी वाजवत नाही, तरी येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. माझ्या गुरूंनी मला पेटी शिकवायच्या आधी सहा महिने तो गंधार ऐकायला बसवलं. हे बघ.

त्यांनी पेटीतला काळी एकचा रीड दाखवला. पितळी जिभेच्या मुळाशी बारीक घासल्याच्या खुणा होत्या.

मामा : टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पांढरी सहाला काळी एक हा गंधार. तो मी उतरवून घेतला. त्याची किंमतही मोजली. आता ही पेटी दुसऱ्या पट्टीत वाजवली की तीच काळी एक बेसूर लागते. चालेल. सगळ्या पट्ट्यांत थोडी थोडी खोटी असण्यापेक्षा एका पट्टीत खरी असलेली बरी. परकी पेटी आपली झाली म्हणतोस ना, ती अशी झाली. कुणीतरी कानस घेऊन बसलं म्हणून झाली.

हा वाद मामांचा एकट्याचा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींचा हिशेब मांडणारं पुस्तक लिहिलं आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुती-हार्मोनियमचा ध्यास घेतला. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. शंभर वर्षं मराठी माणूस या पट्ट्यांशी झगडतो आहे. आणि मी, सिंथेसायझरवर बसलेला, जिथे सूर बदलायला कानसही लागत नाही, तिथे कारखान्यानं दिलेले बारा समान भाग मुकाट्याने वापरत होतो.

सर्ज एक्सटी नावाचा मोफत सिंथेसायझर आहे. त्यात सुरांची जुळणी बदलण्याची सोय आहे. मी तिथेच गंधार १४ सेंट उतरवला आणि पुन्हा तिन्ही पट्ट्या धरल्या. ठोके थांबले. मी काहीही वाढवलं नव्हतं, तरी सूर आधीपेक्षा मोठा वाटला.

मामा : आता मला आत बसता येतंय.

मी : पण मग तुमचंच म्हणणं पुढे नेतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात. त्याला आपण जीव म्हणतो. शब्दच बघा, जीव. त्या धाग्यानं तार घोडीच्या वक्र पाठीला हलके चाटत राहते आणि एका छेडीतून अंश एकामागून एक उमलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लेख लिहिला. तार जिथे छेडली, तिथे ज्या अंशांची गाठ पडते ते ऐकूच येऊ नयेत असा जुना नियम आहे. वीणा आणि तंबोरा तो मोडतात, आणि कारण त्या घोडीत आहे, हे त्यांनी दाखवलं. मी माझ्या पॅडमध्ये तेच करतो. फिल्टर अरुंद करून अंशांवरून हळू सरकवतो. म्हणजे आधी तिसरा अंश उजळतो, मग चौथा, मग पाचवा. यंत्रात जीव घालता येतो, असं मी म्हणतो, ते याच अर्थानं.

मामा : मिरजेचा कारागीर तो धागा किती सरकवायचा, हे सांगू शकत नाही. सरकवत राहतो आणि एका जागी थांबतो. तू आकडा सांगतोस. आकडा सांगता आला की दुसरा तोच आकडा टाकतो, आणि झाला तुझाही प्रीसेट.

मी : आकडा पोचवतो, थांबवत नाही. कुठे थांबायचं ते कानच सांगतो. एखाद्या पोराला गुरू मिळाला नाही, मिरजेचा तंबोरा परवडला नाही, तर आकडा तरी त्याला दारापर्यंत आणेल.

याला मामांनी उत्तर दिलं नाही. चहा आला. मी माझी एक पूर्ण रचना लावली. तिच्यातल्या पॅडच्या खाली हवेचा एक थर होता. असा थर बहुतेक पॅडमध्ये असतो आणि लोक त्यासाठी यंत्रातला नुसता खरखराट घेतात. मी माजलगावकडच्या उसाच्या फडात रात्रीचा वारा टिपला होता. तो आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापून, तुकडे एकमेकांवर पसरून, त्याचं धुकं केलं होतं. त्याला घुमारा दिला होता बीड शहराबाहेरच्या खजाना विहिरीचा. निजामशाहीतली ती दगडी विहीर. तिच्यात एक टाळी वाजवून तिचा परतणारा आवाज टिपला की त्या एका टाळीवरून संगणक कुठल्याही आवाजाला त्या विहिरीत नेऊन ठेवतो.

मामा : विहीर ओळखू येते. दगड कळतो. हे फार चांगलं केलंस. पण तो खालचा आवाज कशाचा?

मी : उसाच्या पानांचा. फडातला.

मामा : दसरा झाला की आपल्या गावातली किती घरं कुलूपबंद होतात, तुला माहीत आहे. पोरं-बाळं गाडीत घालून माणसं ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात. त्या पानांनी हात चिरतात. आणि तू त्याचं मऊ धुकं केलंस. पुण्या-मुंबईतला ऐकणारा डोळे मिटून म्हणणार, किती शांत. त्या फडात शांत काय आहे, सांग मला.

त्या रात्रीतलं हे सर्वांत जड वाक्य होतं. मी विचार करून बोललो.

मी : तुमचं खरं आहे, आणि त्याचं कारण माझ्या तंत्रातच आहे. पॅड बनवताना मी आवाजाचं टोक काढतो. उगवायला दोन सेकंद दिले की कुठलाही घाव नाहीसा होतो. कोयत्याचा आवाज म्हणजे नुसतं टोकच. तो पॅडमध्ये टाकला तर कोयता उरणारच नाही. म्हणजे हे तंत्र डोळे मिटून वापरलं तर त्यात दुखणं आपोआप पुसलं जातं.

मामा : हेच म्हणायलो मी.

मी : पण दुसरी बाजू ऐका. कोपीत झोपणाऱ्या माणसालाही रात्री तीच पानं ऐकू येतात. दिवसभर कोयता चालवून तो पडतो, तेव्हा वारा सुटतो आणि सगळा फड सळसळतो. ते त्याच्याही कानाला बरं वाटत असेल. त्याच्या वाट्याला फक्त घावच आहे, सळसळ नाही, असं आपण ओसरीवर बसून का ठरवायचं?

मामा बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले.

मामा : मग दोन्ही ठेव. एकाला झाकून दुसरं ठेवू नकोस.

आता त्या रचनेत चौथ्या मिनिटाला कोयत्याचा एक घाव आहे. त्याला घुमारा दिलेला नाही, टोक घासलेलं नाही. तो पडतो तेव्हा पॅड पूर्ण थांबलेला असतो.

मामा : आणखी एक सांगतो, मग झोपू. हल्ली कीर्तनात, भाषणात एक चाल पडली आहे. बोलणारा आई-बापाचा विषय काढतो आणि मागून कीबोर्डवाला हळूच सूर सोडतो. लोक रडतात. महाराजांनी निरूपण सुरू केलं की मी पेटीवरचा हात काढतो. शब्द आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. खालून सूर घालून रडवणं मला मान्य नाही. तुझं हे पॅड त्याच कामाला जास्त लागणार, याची मला भीती वाटते.

मी : ही भीती मलाही आहे. पॅड फार सोपेपणानं मन हलवतो, म्हणून तो जपून वापरायचा. मी स्वतःसाठी काही नेम ठेवले आहेत. दीडशे हर्ट्झच्या खालचं सगळं पॅडमधून कापतो, कारण ती जागा पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची आहे. दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात थोडा खळगा करतो, कारण शब्द स्पष्ट होतात ते तिथे. पॅड इतका हळू ठेवतो की तो वाजतोय हे कळू नये. आणि मग रचनेत एकदा तो काढून घेतो. काढल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं, तर तो योग्य होता. काहीच वाटलं नाही, तर मुळात नकोच होता.

मामा : काल्याच्या दिवशी वीणा उतरवली की मंडपात तेच होतं. सात दिवस तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. उतरली की सगळ्यांना कळतं.

मी : मग आपलं जमलं म्हणायचं?

मामा : सगळं नाही. यंत्राचा सूर वीणेच्या जागी मी उभा राहू देणार नाही, सप्ताहात तर नाहीच. पण तुझ्या जागी तू तो खरा करायलास, हे मान्य. गंधार मात्र विसरू नकोस.

आमचं एकमत झालं नाही, आणि ते व्हावं असा माझा आग्रहही नाही. मामांना न थकणाऱ्या सुराचा संशय आहे आणि तो संशय माझ्या कामाला उपयोगी पडतो. माझा विश्वास आहे की सिंथेसायझर हे आपलं वाद्य होऊ शकतं, जशी पेटी झाली. पण पेटी आपोआप आपली झाली नाही. नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्यांनी, देवलांसारख्या माणसांनी आणि गावोगावच्या अनाम पेटीवाल्यांनी कान लावून, कानस घेऊन ती आपली केली. सिंथेसायझरच्या बाबतीत ते काम अजून व्हायचं आहे, आणि ते अंबाजोगाईत, केजमध्ये, गेवराईत बसूनही करता येईल. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. मोफत सिंथेसायझर आहेत, आणि हातातला मोबाइल गावातल्या पेटीचा एक सूर टिपायला पुरेसा आहे.

म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या ज्या पोरापोरींना हे करावंसं वाटतं, त्यांना एवढंच सांगतो. तयार आवाजांची यादी बंद करा आणि कोऱ्या पॅचपासून, म्हणजे आधी काहीच न बांधलेल्या आवाजापासून, सुरुवात करा. एकच लहर घ्या, तिला उगवायला वेळ द्या, तिच्याशेजारी दुसरी केसाएवढ्या अंतरावर ठेवा आणि ऐका. सा धरून गंधार धरा, वीस सेकंद सोडू नका, आणि तो भांडत असेल तर उतरवा. आपल्या शिवारातला आवाज घ्याल तर त्यातलं दुखणं पुसू नका. आणि हे सगळं करण्याआधी सप्ताहात एक पहारा द्या. वीणा गळ्यात घेऊन दोन तास एकच सूर चालू ठेवा. सप्ताह गावोगावी असतो, आणि पहाटेच्या पहाऱ्याला माणूस कमीच पडतो.